पाचशे तीनची आई

शुभदा काकूला घरातून हलता येत नव्हतं, आणि तिला कोणी बांधून ठेवलं होतं असंही नाही. पाय धड होते, डोळे धड होते, तोंड तर जरा जास्तच धड होतं. तरी काशीमीऱ्याला गोदामांच्या मागे जी सात मजली ट्रान्झिट बिल्डिंग आहे, तिच्या पाचव्या मजल्यावर, खोली नंबर पाचशे अकरात ती चार वर्षं अशी बसलेली, जशी कोंबडी अंड्यावर बसते. उठली की अंडं गार.

कारण काय, तर एक कागद. लिफ्टजवळ चिकटवलेला. ‘पाहणीच्या वेळी खोली दोन वेळा बंद आढळल्यास पुनर्वसनाचा हक्क रद्द करण्यात येईल.’ पाहणी म्हणजे सर्व्हे. इथे खरंच राहतंय कोण आणि खोली भाड्याने लावून पळालंय कोण, ते बघायला. हेतू चांगला होता, नाही कोण बोलतंय? पण सर्व्हेवाले यायचे सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते चार. आधी सांगून नाहीच. म्हणजे पोटाच्या मागे लागलेली माणसं ज्या वेळेला बाहेर असतात, नेमकी तीच वेळ. ज्याने हा नियम बनवला त्याच्या घरी दिवसभर कोणीतरी सोफ्यावर बसून असणार, नक्की.

आधी काकू अशी नव्हती. भायंदर ईस्टला केबिन रोडवर भांड्यांच्या दुकानात ती भांड्यांवर नावं घालायची. हातात ते छोटं मशीन, टर्रर्र करून स्टीलवर चालवायचं. लग्नाच्या सीझनला दुकानाबाहेर तिच्यासाठी लोक थांबायचे. दुकानदार गुजराती, तो बोलायचा, “शुभदाबेन, तमारा अक्षर एकदम मोती.” बावीस वर्षं तिने नावं घातली. दुकानापासून चार मिनिटांवर त्यांची बिल्डिंग, सुमन छाया, तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. दत्ताराम काका गिरगावात बाइंडिंगच्या कारखान्यात होते, तिथली खोली सोडून त्यांनी हा ब्लॉक घेतला. काकांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या अकलेने केलेली ती एकच गोष्ट, असं काकू सगळ्यांसमोर बोलायची. काका पण मान हलवायचे.

मग जिन्याचा एक तुकडा पडला. कोणाला लागलं नाही. पण इंजिनिअर आले, हातोडीने ठोकून गेले, आणि दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक’. “दोन वर्षांत नवीन बिल्डिंगमध्ये परत याल,” बोलले. सगळ्यांनी टेम्पो केले आणि काशीमीऱ्याला आले. सुमन छाया पाडली. त्या जागेवर अजून पत्रे ठोकलेत, आत झाडं वाढलीत.

पाचव्या मजल्यावर सोळा खोल्या. अर्ध्या सुमन छायावाल्यांना दिलेल्या. उरलेल्या अर्ध्या हायवेवाल्यांना. रस्ता रुंद करताना कडेच्या झोपड्या काढल्या, ती माणसं. यूपी, बिहार, थोडे लातूरकडचे. कोणाला विचारलं नव्हतं की तुम्हाला एकत्र राहायचंय का. दोन पातेल्यांतलं उरलेलं एकाच पातेल्यात ओतावं, तसं ओतलं.

पहिलं वर्ष नुसती भांडणं. पाचशे तीनमध्ये चंदन यादव, हायवेवर गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचा, त्याची बायको सिया आणि एक मुलगी. शुद्ध शाकाहारी. आणि काकू पॅसेजमध्ये दोरी बांधून बोंबील वाळत घालायची.

“काकी, इसका बहुत बदबू आता है,” सिया बोलली.

“बदबू? अगं, हा वास आला की आमच्याकडे माणसं दोन घास जास्त जेवतात.”

“हमारे में दो दिन का खाना बंद होता है.”

“तो बंद करो! रेशन बचेगा.”

अशी सुरुवात. पुढे हीच सिया दुसऱ्यांदा पोटुशी राहिली. दिवस भरले तेव्हा चंदन गॅरेजमध्ये. रिक्षा आली पण बिल्डिंगपासून हायवेला जायचा सरळ रस्ता समोरच्या सोसायटीतून, आणि त्यांनी मधलं गेट बंद करून टाकलेलं. दुसरीकडून जायचं तर गोदामांच्या रांगेतून, ट्रकमागे ट्रक, अर्धा तास कुठे गेला नाही. वॉचमन बोलला, “ट्रान्झिटवालों के लिए बंद है.” आतून चेअरमनची गाडी बाहेर निघत होती, काकू तिच्यापुढे रस्त्यात मांडी घालून बसली.

“ये क्या तमाशा है?” चेअरमन खाली उतरला.

“तमाशा नही है, डिलिव्हरी है. गेट खोलो, नाहीतर इधरच होएगी, तुम्हारे गाडी के सामने. नाम तुम्हारा रखेंगे.”

गेट उघडलं. मुलगी हॉस्पिटलात झाली. दुसऱ्या दिवशी गेट परत बंद, ते वेगळं. त्यांचं पण तसं चूक नव्हतं. ट्रान्झिट बिल्डिंगची पाइपलाइन त्यांच्याच लाइनवर जोडली, त्यांच्या नळाला पाणी अर्धं झालं, आणि त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. वरून सगळं ठरवायचं, खाली आपण एकमेकांच्या गाडीपुढे बसायचं.

तेव्हापासून सियाने आपली किल्ली काकूकडे ठेवायला सुरुवात केली. ती समोरच्याच सोसायटीत तीन घरी पोळ्या करायची. धाकटीला कमरेवर, मोठीला शाळेत सोडून, जाताना किल्ली द्यायची. “काकी, रख लो.” मग दुसऱ्यांनी पण ठेवल्या. काकूने दुकान सोडलं होतं, कारण कोणीतरी घरी पाहिजेच. काका एका गोदामावर वॉचमन लागलेले. मग बसलीच आहे तर चार घरांचं बघू. खाली बबन वॉचमन सर्व्हेवाले दिसले की तीन शिट्ट्या मारायचा. शिट्टी ऐकली की काकू उठायची, ज्या खोल्या बंद त्या उघडायची, दाराबाहेर दोन चपला टाकायची, पंखा लावायची, गॅसवर चहाचं आधण ठेवायची. सर्व्हेवाला आला की बोलायची, “आत्ता होती हो, कोथिंबीर आणायला गेली.” तो टिक करून पुढे. सर्व्हेवाला पण माणूसच, उकळतं आधण बघितलं की त्याला घर दिसायचं.

तीन वर्षांत काकू बाहेर राहिली असा एकच दिवस. मुलीची, रुचिताची, नालासोपाऱ्याला डिलिव्हरी. काकांना सुट्टी मिळाली नाही. काकू सकाळी निघाली, बाकीच्या किल्ल्या ज्यांच्या त्यांना परत दिल्या, पण घाईत पर्समध्ये सियाची किल्ली तशीच गेली. नेमके त्या दिवशी सर्व्हेवाले. सिया काम आटपून परत आलेली, स्वतःच्या दारासमोर उभी, पोर कमरेवर, आणि दाराला कुलूप. “साहब, मैं हूँ ना, मैं ही रहती हूँ.” साहेब बोलला, “खोली बंद है. आदमी नही, खोली देखना है.” पाचशे तीनपुढे लाल फुली. पाचशे अकरापुढे पण लाल फुली.

काकू संध्याकाळी नातवाचं तोंड बघून खुशीत आली आणि सियाचं तोंड बघून गप्प झाली. सिया काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. काकूच्या जिवाला ते लागून राहिलं. फुली तिच्या पण खोलीला लागली होती, पण आपली आपण लावून घेतलेली, त्याचं काही नाही. दुसऱ्याची आपल्यामुळे लागली, ते जात नाही.

त्यानंतर काकू खालच्या वाण्याकडे पण जायची बंद झाली. दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. नातू दीड वर्षाचा झाला, तिने त्याला दोनदा बघितला, तेही रुचिता घेऊन आली म्हणून. गोदामांचे पत्रे, ट्रक, आणि लांब हायवेचा पूल, एवढंच खिडकीतून. “अगं, जेलमध्ये पण पॅरोल असतो,” काका बोलायचे.

“मग तुम्ही बसा ना. मी जाते गोदामावर शिट्टी फुंकायला.”

मग एका मंगळवारी शिट्ट्या वाजल्या. बाकीच्या ज्या तीन किल्ल्या तिच्याकडे होत्या त्या खोल्यांना अजून एकही फुली नव्हती. चंदनच्या खोलीला होती, म्हणून काकू पहिली तिकडे धावली. स्वतःच्या दाराला तिने कुलूप घातलं, कारण मागे एकदा उघड्या दारातून मोबाइल गेलेला. सर्व्हेवाले नेहमी लिफ्टकडून यायचे, पाचशे एकपासून नंबराने. पाचशे तीन झालं की अकरापर्यंत पोचायला हवा तेवढा वेळ. हिशोब बरोबर होता.

पण ह्या वेळी ते दोघं आले. आणि हातात कागद नव्हता, टॅब होता.

लिफ्टकडून आला तो निकेत, नवीन पोरगा, गळ्यात आयकार्ड. “काकू, दारात उभ्या राहा. नंबर दिसू द्या मागे.”

“फोटो कशाला?”

“आता असंच. घरात जो असेल त्याचा फोटो. फोटो नसेल तर बंद. ही फायनल यादी आहे, ह्याच्यावरून कायमची घरं देणार. नातं सांगा.”

काकूच्या डोळ्यापुढे ती लाल फुली. आधण उकळत होतं. आता कोथिंबिरीची गोष्ट चालणार नव्हती.

“माँ है मैं उसका,” ती बोलली.

निकेतने वर बघितलं. “चंदन यादवची आई?”

“हां. तो?”

“माँजी, गाँव कौनसा?”

“जौनपूर. लेकिन शादी के बाद इधरच है.”

पोराच्या ओठाला हसू आलं असेल, नसेल. त्याने बटण दाबलं. कमरेला लावलेल्या छोट्या मशीनमधून चिठ्ठी निघाली, त्यावर काकूचा फोटो, खाली खोली पाचशे तीन, नातं आई, वेळ अकरा बेचाळीस. काकूने चिठ्ठी घेतली, गॅस बंद केला, आणि वळली.

तर तिकडे जिन्याच्या टोकाकडून दुसरी सर्व्हेवाली, दिव्या, सोळापासून उलटी येत होती. पाचशे अकराच्या कुलपाचा फोटो काढून झालेला.

“ए बाई! ए! ते माझं घर आहे!”

दिव्याने तिला बघितलं, मग तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. शहाणी मुलगी होती. तिला सगळं कळलं. आवाज खाली करून बोलली, “काकू, लॉकचा फोटो वर गेला. माझ्या हातात नाही आता. पंधरा दिवसांत हरकत घ्या, सुनावणी होईल. पण तिथे विचारतील की तुम्ही होता कुठे.”

दुसरी फुली. पाचशे अकरा, हक्क रद्द.

संध्याकाळी दत्ताराम काकांना सांगितलं. ते बूट काढत होते, एक काढलेला, एक तसाच राहिला. “केबिन रोडवरची जागा गेली आपली?”

“सुनावणी आहे.”

“गेली की आहे, ते बोल.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. “तुला कोणी सांगितलेलं दुसऱ्याच्या दारात आई बनून उभं राहायला? स्वतःचं दार बंद करून? मजल्यावर एवढी माणसं मेलेली काय?” मग स्वतःच थांबले. विचार करून बोलले, “सोपं आहे. ती चिठ्ठी दाखवायची. फोटो आहे, वेळ आहे. अकरा बेचाळीसला तू ह्याच मजल्यावर होतीस, पुरावा ह्याच्यापेक्षा मोठा काय पाहिजे?”

“आणि चंदन?”

“त्याने त्याचं बघावं.”

बाहेर दार वाजलं. चंदनच होता, हाताला ग्रीस, पाठीमागे सिया. पॅसेजमध्ये भिंती अशा पातळ की सगळं ऐकू गेलेलं. चंदन उंबऱ्याच्या आत आला नाही. “काकी, वो पर्ची दिखा दो. हम बोल देंगे हमारा कमरा बंद था. हम तो फिर से हाईवे पे टाट बाँध लेंगे, आदत है.”

“आदत है?” काकू उसळली. “दो लडकी लेके टाट में? थोबाड फोडूंगी. निघ इथून.”

सिया बघत होती. ती एकदा पण बोलली नाही की दिखा दो. नको दाखवू असं पण नाही. तिची मोठी मुलगी तिच्या ओढणीचं टोक पिळत होती. काकूला वाटलं, मागच्या वेळी पण ही अशीच उभी असेल, कुलपासमोर.

सुनावणी बाराव्या दिवशी. काका सोबत आले, रजा टाकून. आत एकालाच सोडत होते, ते जिन्यात थांबले. “चिठ्ठी घेतलीस?” “घेतली.” “फक्त टेबलावर ठेव. बोलूच नको काही. तुझ्या तोंडाने काम बिघडतं.”

काकू दाखवायलाच गेलेली, हे खरं. साडी पण चांगली नेसलेली. आत साहेब, बाजूला कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात खुर्चीवर दिव्या, कारण ज्याने सर्व्हे केला त्याला बसायला लागतं. साहेब काही राक्षस नव्हता. दमलेला माणूस, समोर थंड चहा.

“मावशी, फोटोत कुलूप आहे. तुम्ही कुठे होता?”

काकूने पर्स उघडली. चिठ्ठी हाताला लागली.

“बघा, कसं असतं,” साहेब तोपर्यंत बोलत होता, बहुतेक प्रत्येकाला बोलत असणार, “खोली तुमची परत चालू करायला मला काही नाही. पुरावा द्या, मी आत्ता करतो. पण खोटे लोक फार आहेत. दुसऱ्याची माणसं उभी करतात. अशी सापडली की ती खोली मी त्याच दिवशी सील करतो, दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.”

दिव्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या नखांकडे बघायला लागली.

म्हणजे सरळ होतं. चिठ्ठी टेबलावर, केबिन रोड परत. आणि संध्याकाळी पाचशे तीनला सील, सियाचा गॅस, गाद्या, मुलींची दप्तरं पॅसेजमध्ये. आणि काकूने त्यांच्यामधून चालत स्वतःच्या दारात शिरायचं, रोज. तिचा हात पर्समध्ये तसाच. साहेबाने पेन टेबलावर दोनदा आपटलं.

“बाजारात गेलेले,” काकू बोलली.

“बिल? कोणी बघितलं?”

“भाजीला कोण बिल देतं?”

“मग मी काय करू सांगा? दुसरी वेळ आहे.” त्याने कीबोर्डवर काहीतरी दाबलं. “नोंद कायम. खोली खाली करायची नोटीस येईल तोपर्यंत राहा. वर अपील करू शकता.”

बाहेर काका रेलिंगला धरून उभे. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. तरी विचारलं, “दाखवलीस?”

“नाही.”

बसमध्ये काका पुढच्या सीटवर जाऊन बसले, तिच्या बाजूला जागा असताना. काशीमीरा आलं तरी मागे वळून बघितलं नाही. घरी ताट वाढलं की खायचे, पाणी दिलं की प्यायचे, पण शब्द नाही. दहा दिवस. रुचिताचा फोन आला तर तिच्याशी बोलायचे आणि फोन काकूकडे न देता टेबलावर ठेवायचे. काकूने शिव्या घालून बघितल्या, रडून बघितलं, आवडीच्या कुर्ल्या रांधून बघितल्या. काही नाही. आणि ती कुठल्या तोंडाने सांगणार की मी बरोबर केलं? तिला स्वतःलाच कळत नव्हतं. तीस वर्षांची कमाई, नवऱ्याची, आणि तिने ती ‘बाजारात गेलेले’ बोलून घालवली.

पाचशे अकराच्या दारावर नोटीस चिकटली. वरती लाल रंगाने फुली, ह्या वेळी कागदावर नाही, दारावरच.

आणि मग पडताळणी निघाली. ज्यांचे फोटो काढलेत ती माणसं खरीच राहतात का, ते परत बघायचं. शिट्ट्या वाजल्या. काकूच्या खोलीत आता कोणी येणार नव्हतं, ती बंद असो की उघडी, कोणाला पडलेली नव्हती. पण पाचशे तीनमध्ये आई असायला पाहिजे होती. फोटोतलीच. ती उठली आणि तिकडे गेली. सिया त्या दिवशी घरीच होती, कामावर खाडा करून. तिने काकूला पाटावर बसवलं, धाकटीला मांडीत दिलं, आणि स्वतः कणीक मळायला बसली.

निकेत आला. टॅबमधला फोटो बघितला, काकूला बघितलं. “माँजी, ठीक हो?”

“ठीक है.”

“कितने साल से हो बेटे के साथ?”

काकू उत्तर शोधत होती तेवढ्यात दारात सावली पडली. दत्ताराम काका. त्यांची ह्या आठवड्यात दुपारची पाळी, अंघोळ करून निघालेले, डबा हातात. जाता जाता थांबले. आत त्यांची बायको दुसऱ्याच्या पाटावर, दुसऱ्याची पोर मांडीत घेऊन.

सियाने कणकेतला हात तसाच ठेवला. काकूने काकांकडे बघितलं आणि नजर काढली नाही. एक शब्द पुरला असता. बत्तीस वर्षांचा नवरा, त्याला हक्क पण होता.

निकेत वळला. “तुम्ही कोण? ह्या खोलीतले?”

काकांनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

“नाही,” ते बोलले. “शेजारी.”

“मग दारात उभे राहू नका, काका. उजेड अडतोय, फोटो काढायचाय.”

“हो,” बोलून ते बाजूला झाले.